आवाजाचा मुक्काम

लोणी काळभोरच्या जुन्या वस्तीत पत्र्यांवर आणि धाब्यांवर अजून काही ॲल्युमिनियमच्या अँटेना शिल्लक आहेत. काड्या वाकलेल्या, एखाद-दुसरी गळून पडलेली, वायर तर कुणीतरी केव्हाच कपडे वाळत घालायला काढून नेलेली. उतरवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत म्हणून राहिल्या, एवढंच. कावळ्यांची मात्र सोय झाली आहे. पण जरा थांबून पाहिलं तर या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत. मावळतीला, किंचित दक्षिणेकडे कलती. आणि त्यांच्याच आसपास नव्या इमारतींच्या गच्च्यांवर, खिडक्यांच्या गजांना, जिन्याच्या कठड्याला ज्या छत्र्या लावल्या आहेत त्या आग्नेयेला, सोलापूरच्या अंगाला, मान वर करून बसलेल्या. तीस-चाळीस वर्षांत गावाने कूस बदलली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जुन्या अँटेना सिंहगडाकडे बघतात. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम १९७३ मध्ये पुण्याला दिसायला लागले ते सिंहगडावर मनोरा उभा राहिला म्हणून. छत्र्या ज्याच्याकडे बघतात तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर टांगलेला आहे. त्याच्याहून उंच जागा आता आवाजाला कुठली मिळणार?

लोणी हे तसं सपाटीवरचं गाव. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला रामदऱ्याच्या टेकड्या, मधून पुणे-सोलापूर रस्ता आणि दौंडकडे जाणारा लोहमार्ग. तेल कंपन्यांचे डेपो आणि त्यांच्याबाहेर रस्ता अडवून उभे असलेले टँकर. अलीकडे राजबागेत, जिथे राज कपूर यांचं फार्म होतं तिथे, एमआयटीचा प्रचंड घुमट झाला आहे आणि तो बराच लांबून दिसतो. त्याचं उद्घाटन २ ऑक्टोबर २०१८ ला झालं. या तारखेचं आमच्या भागाशी काहीतरी आहे: पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ ला, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला. गांधीजयंतीचा मुहूर्त, दुसरं काय. गांधीजींना एवढे मनोरे आवडले असते की नाही, कोण जाणे.

सपाटीवरच्या माणसाला दूरचं ऐकायचं-बघायचं असेल तर उंची उसनी घ्यावी लागते. टीव्हीच्या आणि एफएमच्या लहरी सरळ चालतात, वळणं घेणं त्यांच्या स्वभावात फारसं नाही. टेकडी आडवी आली की पलीकडे सावली पडते आणि टेकडी नसली तरी पृथ्वीची गोलाई कुठेतरी वाट अडवतेच. शंभर मीटर उंच इमारतीच्या माथ्यावर अँटेना बसवली तर या लहरींचं क्षितिज साधारण ४० किलोमीटरवर येतं. सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे पुणे शहरापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच. तिथून हेच क्षितिज ११० किलोमीटरच्या पुढे सरकतं. मधे डोंगर नसतील तर. आणि आपल्याकडे ते असतातच, म्हणून वेल्ह्या-मुळशीच्या खोऱ्यातल्या कित्येक घरांना गड उशाला असूनही चित्र धड मिळालं नसेल.

सिंहगडावरून बातमी पाठवायची कल्पना दूरदर्शनची नव्हे. सभासदाच्या बखरीत ती आहे. १६७० च्या फेब्रुवारीत मावळ्यांनी गड घेतला आणि गडावरच्या पागेला आग लावली. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि गड हाती आल्याचं ओळखलं. दोन गडांच्या मधे काही आडवं नाही, सरळ दृष्टी, एका क्षणात निरोप पोचला. पण तानाजी पडल्याची बातमी उजेडाला सांगता येणार नव्हती. ती दुसऱ्या दिवशी जासुदाने आणली. मला हा तपशील फार खोल वाटतो. उंचीवरून बातमी झटकन कळते. काय झालं, कोण गेलं, हे सांगायला मात्र पायी चालणारा माणूसच लागतो.

हा सगळा विचार डोक्यात पक्का बसला तो न्यूयॉर्कमुळे. माझा एक आतेभाऊ २००१ साली न्यू जर्सीत नवा नवा गेलेला होता. भाड्याची खोली, केबलचे पैसे नकोत म्हणून टीव्हीवर दोन कानांची घरगुती अँटेना. ११ सप्टेंबरच्या सकाळी त्याच्या टीव्हीवरच्या एकामागून एक वाहिन्यांवर मुंग्या आल्या. फक्त दोन नंबरची वाहिनी चालू राहिली. त्याला आधी वाटलं, आपली अँटेनाच हलली. तो ती हातात धरून खोलीभर फिरला, खिडकीशी नेली, पुन्हा आणली. त्याला काय ठाऊक, की त्या वाहिन्यांच्या अँटेना ज्या इमारतीच्या माथ्यावर होत्या तीच खाली आली आहे.

न्यूयॉर्कमधल्या या अँटेनांचा प्रवास कुणीतरी मराठीत सविस्तर लिहायला हवा. सुरुवात एम्पायर स्टेट इमारतीपासून. १९३१ मध्ये ती उभी राहिली, जगात सर्वात उंच, आणि लगेच तिच्या माथ्यावर टीव्हीचे प्रयोग सुरू झाले. १९३४ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग नावाच्या संशोधकाने तिथूनच एफएमची चाचणी घेतली. आज आपण रिक्षात ऐकतो त्या खरखर नसलेल्या रेडिओचा हा जनक. चाचणी उत्तम झाली. पण इमारतीवरची ती जागा आरसीए कंपनीच्या ताब्यात होती, कंपनीला ती टीव्हीसाठी हवी होती, आणि आर्मस्ट्राँगला आपलं सामान उतरवून न्यायला सांगण्यात आलं. गड्याने मग हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावाच्या कड्यावर, स्वतःच्या पैशाने स्वतःचा मनोरा बांधला. तीन आडवे हात असलेला, सव्वाशे मीटरच्या आसपास उंच, शहरापासून दूर. पुढे कंपनीशी पेटंटवरून वर्षानुवर्षं भांडून तो खचला आणि १९५४ मध्ये त्याने जीव दिला. मनोरा राहिला.

शहरातल्या वाहिन्या एम्पायर स्टेटवर सुखाने नांदत होत्या, तोवर वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन बुरूज वर चढू लागले. ते पोलादी. एम्पायर स्टेटवरून निघालेल्या लहरी त्यांच्यावर आपटून परत येऊ लागल्या आणि लोकांच्या टीव्हीवर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली दिसू लागली. तक्रारी वाढल्या. तोडगा असा निघाला की वाहिन्यांनीच नव्या इमारतीवर राहायला जावं. अडथळा करणाऱ्याच्याच खांद्यावर बसायचं! उत्तर बुरुजाच्या माथ्यावर ११० मीटरचा खांब उभा राहिला आणि १९८० च्या सुमारास बहुतेकांनी आपलं बिऱ्हाड तिकडे हलवलं.

असं बिऱ्हाड हलवणं म्हणजे टेम्पोत सामान भरणं नव्हे. नवी अँटेना बसेपर्यंत जुनी चालू ठेवायची, कारण आवाज एक दिवसही बंद पडून चालत नाही. चालू अँटेनेच्या जवळ माणूस चढवता येत नाही, ऊर्जेने भाजून निघेल. म्हणून काम रात्री, लोक झोपल्यावर, प्रक्षेपण कमी किंवा बंद करून. वारा असला की तेही नाही. शहराला याचा पत्ता नसतो. सकाळी उठून लोक बातम्या लावतात, कालच्यासारख्याच लागतात. हे काम चोख झाल्याची खूण हीच की ते झाल्याचं कुणाला कळलं नाही.

त्या सप्टेंबरच्या सकाळी उत्तर बुरुजाच्या वरच्या मजल्यांवर प्रक्षेपण सांभाळणारे सहा अभियंते कामावर होते. सहाही गेले. पडद्यावर ज्यांचा चेहरा कधी दिसत नाही, नावनिशी कुणाला ठाऊक नसते, अशी ही माणसं. सरकारी असोत की खासगी, सिंहगडावर मुक्कामाला राहिलेली असोत की मॅनहॅटनला लिफ्टने वर जाणारी, यांची जात एकच.

दोन नंबरची वाहिनी, डब्ल्यूसीबीएस, का चालू राहिली? तिने एम्पायर स्टेटवरची आपली जुनी जागा सोडली नव्हती. नव्या घरी गेली तरी जुन्या घराची किल्ली ठेवली होती. आणि बाकीच्यांपैकी अनेकांना नंतरच्या दिवसांत आसरा मिळाला तो कुठे? अल्पाइनच्या कड्यावर, हाकलून दिलेल्या आर्मस्ट्राँगच्या मनोऱ्यावर. तेव्हा तो मरून ४७ वर्षं झाली होती. अशा गोष्टीवर मी काही भाष्य करणार नाही. फक्त एवढंच म्हणतो, की कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर समीक्षकांनी त्याला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हटलं असतं.

नंतर सगळे पुन्हा एम्पायर स्टेटवर गोळा झाले, दाटीवाटीने. मग पडलेल्या बुरुजांच्या जागी ५४१ मीटरचं नवं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं राहिलं आणि २०१७ पासून काही वाहिन्या तिकडे परतल्या. काही राहिल्या जुन्या जागी. या वेळी प्रत्येकाने दुसरी सोय आधी बघून ठेवली असेल, अशी आशा.

आपल्याकडेही हा खेळ सुरू झालाच आहे. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटरचा. एके काळी मुंबईत त्याच्या आसपास जाणारं काही नव्हतं, समुद्रावरून येणाऱ्याला तो आधी दिसायचा. आता वरळी-लोअर परळच्या इमारती त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. हडपसरला पंचेचाळीस मजल्यांचे बुरूज झाले. लोणीच्या रस्त्यावरही मांजरीपासून पुढे प्रत्येक मोसमात एक नवी इमारत उगवते आणि तिच्या गच्चीवर मोबाइल कंपन्यांचे पांढरे उभे डबे येतात. सोसायटीच्या सभेत त्यावरून भांडणं ठरलेली. निम्म्यांना त्याचं भाडं हवं असतं, निम्म्यांना किरणांची भीती वाटते, आणि ‘रेंज येत नाही’ ही तक्रार दोघांचीही असते.

पण या सगळ्या उंचीच्या शर्यतीत आमच्याच रस्त्यावर एक मनोरा असा आहे ज्याला उंच इमारतीशी देणंघेणं नाही. हडपसरचा आकाशवाणीचा. पीएमटीच्या बसमध्ये कंडक्टर ‘आकाशवाणी’ असं ओरडायचा आणि बाहेरगावच्या माणसाला वाटायचं, आता काहीतरी दिव्य ऐकू येणार.

पुणे केंद्राचा स्टुडिओ शिवाजीनगरला, पण आवाज सुटतो तो हडपसरच्या मोकळ्या रानातून. ७९२ किलोहर्ट्झ, मिडियम वेव्ह. या लहरीची लांबी जवळपास ३७९ मीटर. एक लहर म्हणजे मोठ्या वाड्यांची अख्खी आळी. एवढी लांब लहर टेकडीला अडखळत नाही, जमिनीला धरून चालते, चढ-उतार ओलांडते. तिला सोडायला उंचावरची जागा लागत नाही, लागते ती जमीन. ओली असेल तर उत्तम. नदीकाठची काळी माती असेल तर काय विचारता! मिडियम वेव्हच्या मनोऱ्याची गंमतच अशी की तो अँटेना डोक्यावर घेऊन उभा नसतो, तो स्वतःच अँटेना असतो. सगळं पोलाद सजीव. म्हणून पायथ्याशी चिनी मातीचा एक ठोकळा असतो आणि टनावारी वजन त्या एका ठोकळ्यावर तोललेलं असतं. आजूबाजूला कुंपण, धोक्याची पाटी. आणि खाली, मातीत वीतभर खोल, पायथ्यापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, मनोऱ्याच्या उंचीइतक्या लांबपर्यंत. वरून बघाल तर गवत. एखादी टिटवी ओरडत असेल. पण जेवढा मनोरा वर दिसतो तेवढंच काम खाली मातीत चाललेलं असतं.

हडपसरला माझी मावशी राहायची. तिच्याकडच्या काळ्या फोनचा रिसीव्हर उचलला की डायल टोनच्या मागे, अगदी बारीक, कुणीतरी बोलत असायचं. कान लावला की कळायचं, कांद्याचे भाव सांगतायत. इतक्या जवळच्या शक्तिशाली लहरी फोनच्या तारांत शिरायच्या आणि फोन आपोआप रेडिओ व्हायचा. मावशीला त्याचं काही नवल नव्हतं. ‘‘थांब रे, बाजारभाव संपू दे, मग लाव फोन,’’ असं ती म्हणायची, जसं काही आकाशवाणीचा नंबर आधी लागला आहे.

रात्री तर या लहरी आणखी लांब जातात. दिवसा त्यांना शोषून घेणारा वातावरणाचा थर सूर्य मावळला की विरतो आणि वरच्या थरावरून त्या परत खाली फेकल्या जातात. कोकणात, मराठवाड्यात, कधी त्याही पलीकडे, रात्री सुई फिरवताना पुणे लागायचं ते यामुळे. रानात दारं धरायला गेलेल्या माणसाच्या सोबतीला पंपाच्या खोपटात पुणे केंद्र असायचं.

पुणे आकाशवाणी म्हटलं की लोकांना गीतरामायण आठवतं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, माडगूळकर आणि फडके, ५६ गाणी, आठवड्याला एक. आठवायलाच हवं. पण आमच्यासारख्या गावांच्या दृष्टीने त्याच्या पुढच्याच वर्षी याच केंद्रावरून झालेला एक प्रयोग मला तितकाच मोठा वाटतो, आणि त्याची कुणी सहसा आठवण काढत नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामसभा’ भरवल्या गेल्या. युनेस्कोच्या मदतीने. आठवड्यातून दोनदा, सगळे मिळून वीस कार्यक्रम. गावकरी चावडीवर, शाळेत जमायचे, शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, त्यावर आपसांत बोलायचे आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात उत्तरं यायची. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सगळ्याची पाहणी केली आणि प्रयोग यशस्वी ठरला. मग तो देशभर नेला गेला आणि जगातल्या इतर देशांनीही त्याची दखल घेतली. मनोरा एकतर्फीच बोलतो ही समजूत त्या वीस कार्यक्रमांनी खोडून काढली होती, आणि तीही पोस्टकार्डाच्या जोरावर.

आता हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणेल. त्याला मी ज्येष्ठात, तुकोबांची पालखी लोणीला मुक्कामाला येते त्या संध्याकाळी, आमच्याकडे बोलावतो. पुण्याहून निघालेली पालखी हडपसरवरून येते, आकाशवाणीच्या मनोऱ्याजवळून. अंधार पडेपर्यंत गाव माणसांनी भरून जातं. शाळा, देवळं, ओटे, दुकानांच्या पायऱ्या, ट्रकखालची जागासुद्धा. पाय चेपणं, भाकरी थापणं, टाळ बांधून ठेवणं. आणि मग प्रत्येकाला घरी फोन करायचा असतो. इथे फोन बसतो. रेंजच्या काड्या दिसतात पण लागत काही नाही. एक आजी माझ्याकडे आपला फोन देऊन म्हणाली, ‘‘दादा, बघ बरं, माझ्या सुनेला लागतो का.’’ लागला नाही. तिच्या शेजारी बसलेल्या बाबांच्या पिशवीत मात्र छोटा रेडिओ होता आणि तो आपला व्यवस्थित भजन म्हणत होता. कारण साधं आहे. मोबाइलचा मनोरा प्रत्येकाशी वेगळं बोलतो, म्हणून गर्दी झाली की तो गुदमरतो. आकाशवाणीचा मनोरा सगळ्यांशी एकदम बोलतो. एकाने ऐकलं काय, लाखाने ऐकलं काय, त्याला एका वॉटचाही फरक पडत नाही. कीर्तनकाराचं जसं.

फोन आपल्याला लागणारच. सुनेशी बोलायला रेडिओ कामाचा नाही. पण पूर येतो, खडकवासल्यातून पाणी सोडतात, वीज जाते, बॅटऱ्या उतरतात, तेव्हा सगळ्यांना एकदम सांगणारं काहीतरी उभं असायला हवं. दूरदर्शनने ॲनालॉग पद्धतीची जुनी प्रक्षेपणं देशभर २०२२ पर्यंत बहुतेक बंद केली. पत्र्यावरच्या अँटेना ज्या दिशेला बघतात तिथून त्यांच्यासाठी आता काही येत नाही. कालमानाने ते झालं, त्याचं मला फार दुःख नाही. वाईट वाटलं ते २०२३ च्या जूनमध्ये, जेव्हा पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं. सकाळी ७:१० च्या बातम्या ज्यांच्या चहाबरोबर आहेत ते पुणेकर खवळले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, राजकीय पक्षही बोलले, आणि निर्णय थांबवावा लागला. पुणेकर कशावरही भांडतात हे खरं, पण या वेळी योग्य कारणासाठी भांडले.

आता माझी भीती जमिनीविषयी आहे. हडपसरला एकरभर जागेचा भाव काय चालला आहे हे मी सांगायला नको. अशा ठिकाणी गवत वाढलेलं, एक लोखंडी खांब आणि चार टिटव्या असलेलं विस्तीर्ण रान दिसलं की पाहणाऱ्याच्या डोक्यात लगेच मजले उभे राहतात. कुणीतरी म्हणेल, एवढी जागा कशाला, अँटेना बसवा की एखाद्या टॉवरच्या गच्चीवर, जमाना त्याचाच आहे. एफएमचं ते चालेल. मिडियम वेव्हचं चालणार नाही. ते रान मोकळं नाही, अँटेनेचा अर्धा भाग त्याच्या मातीत पुरलेला आहे. हे आकाशवाणीतल्या अभियंत्यांना ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक असू द्या, कारण भांडायची वेळ आली तर आपल्यालाच भांडावं लागेल. डब्ल्यूसीबीएसने जुनी जागा ठेवली तेव्हा तीही हिशेबाला बिनकामाचा खर्चच वाटली असणार.

तोपर्यंत माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर काढा, मिडियम वेव्हवर सुई ७९२ वर आणा आणि संच आडवा-उभा फिरवून आवाज कुठे मोठा येतो ते बघून ठेवा. आत जुने सेल राहिले असतील तर ते मात्र आधी काढा, गळले असतील तर पट्ट्या पुसून घ्या, आणि नवे दोन जास्तीचे घरात असू द्या.